सुटकेनंतरची पहिली दुपार

सोळा वर्षांचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. चोरी आणि मारामारीच्या प्रकरणात तो नऊ महिने सुधारगृहात होता. आज सकाळी त्याची सुटका झाली. आत येताना अंगावर होते तेच कपडे त्याला परत मिळालेत; पण या वयात नऊ महिन्यांत मुलं उंच होतात, त्यामुळे पँट घोट्याच्या वर आलीय आणि शर्टाची बटणं छातीवर ताणली गेलीत. फोन कधीचाच बंद पडलाय. वडिलांना सुट्टी मिळाली नाही म्हणून न्यायला काका आलेत. रस्त्यात दोघंही फारसं बोलत नाहीत. अकराच्या सुमारास तो घरी पोहोचतो. आई जवळ घेते, रडते आणि कामावर निघून जाते. धाकटी बहीण शाळेत आहे. दुपारी एक वाजता तो घरात एकटा असतो.

आत असताना या वेळेला काय करायचं ते ठरलेलं असायचं. उठायची घंटा, हजेरी, जेवण, वर्ग, खेळ, झोप. नऊ महिन्यांत साधा दिवस कसा घालवायचा हेसुद्धा त्याला स्वतः ठरवावं लागलं नव्हतं. आता अख्खी दुपार मोकळी पडलीय. शाळेतून नाव गेलंय, हाताला काम नाही. तो सुटल्याचं ज्यांना कळलंय आणि ज्यांना त्याच्यासाठी वेळही आहे, अशी माणसं एकाच जातकुळीची आहेत: ज्यांच्याबरोबर तो पकडला गेला होता, ती.

मुलं आत सुधारतात आणि मग बाहेर येतात, असं आपण धरून चालतो. ‘सुधारगृह’ या शब्दातच ते गृहीतक बसलेलं आहे. पण या विषयावर जगभर जे काम झालंय, ते वाचल्यावर माझं मत पक्कं झालंय की मुलाचं बदलणं मुख्यतः बाहेर घडतं. घरी, वर्गात, कामाच्या जागी घडतं आणि त्याला महिनेच्या महिने लागतात. आतला काळ ही फार तर त्याची तयारी. आणि नेमका पैसा, माणसं आणि लक्ष हे सगळं फाटकापाशी येऊन संपतं. त्या दुपारी एक वाजता मुलाशेजारी सरकारचं, संस्थेचं, समाजाचं कुणीच नसतं.

बहुतेक मुलं थांबतात

आधी एक दिलासा देणारी गोष्ट, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. गुन्हा केलेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुलं पुढे सराईत गुन्हेगार होत नाहीत. गुन्ह्यांचा वयानुसार आलेख काढला तर तो बाराव्या-तेराव्या वर्षापासून चढतो, विशीच्या अलीकडे शिखर गाठतो आणि मग उतरत जातो. हा आकार वेगवेगळ्या देशांत आणि वेगवेगळ्या काळात पुन्हा पुन्हा दिसलेला आहे.

मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ साली याची एक मांडणी केली. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजाराहून थोड्या अधिक मुलांचा जन्मापासून पाठपुरावा सुरू होता, त्या अभ्यासाचा त्यांना आधार होता. त्यांचं म्हणणं असं की मुलांचे ढोबळमानानं दोन गट पडतात. एक लहान गट, ज्यांची आक्रमक वागणूक अगदी बालपणापासून दिसते आणि मोठेपणीही टिकते. दुसरा मोठा गट, ज्यांचं नियम मोडणं किशोरवयापुरतं असतं. अंगानं मोठं झालंय पण मोठ्यांचे हक्क मिळालेले नाहीत, अशा अधल्यामधल्या वर्षांत ती मुलं भरकटतात आणि नोकरी, जोडीदार, जबाबदारी आली की वळतात.

या वयात सोबत्यांचा प्रभाव किती असतो, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका साध्या प्रयोगात दिसतं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ खेळायला दिला. दिवा पिवळा झाला की थांबायचं की अजून थोडं पुढे दामटायचं, एवढाच प्रश्न. एकटे खेळताना सगळे बऱ्यापैकी सारखे वागले. मित्र शेजारी येऊन बसले की तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी घेतलेला धोका खूप वाढला. चोविशीच्या पुढच्यांना मित्रांच्या असण्यानं काही फरक पडला नाही. मुलांनी गुन्हा बहुतेक वेळा टोळक्यानं केलेला असतो, यात मग नवल राहत नाही. आणि अशाच दहा-वीस मुलांना एका छताखाली महिनोन्‌महिने ठेवलं तर काय होईल, याचाही अंदाज येतो.

म्हणजे बहुतेक मुलांच्या बाबतीत काळ आपल्या बाजूनं आहे. मोठ्यांचं पहिलं काम, तो रस्ता अडवायचा नाही.

मदतीचाही त्रास होतो

आता कटू भाग. आपण रस्ता अडवतो, आणि पुष्कळदा चांगल्या हेतूनं अडवतो.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात १९९८ साली माध्यमिक शाळेत गेलेल्या सुमारे ४,३०० मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. लेस्ली मॅकआरा आणि सुझन मॅकव्ही या संशोधकांना दिसलं, की जवळपास सारखंच वागलेल्या मुलांपैकी जी मुलं पोलीस आणि न्याययंत्रणेत जास्त खोलवर ओढली गेली, ती गुन्ह्यापासून लांब जाण्याची शक्यता कमी झाली. शिकागोत ॲना आयझर आणि जोसेफ डॉयल यांनी आणखी कसून तपासलं. तिथे मुलांचे खटले न्यायाधीशांकडे चिठ्ठी टाकल्यासारखे वाटले जात. काही न्यायाधीश कडक, काही सौम्य. त्यामुळे तशाच मुलांची, एकाला कोंडलं आणि दुसऱ्याला नाही, अशी तुलना आपसूकच करता आली. २०१५ साली छापलेला निष्कर्ष असा: कोंडल्यामुळे शाळा पूर्ण करण्याचं प्रमाण १३ टक्केगुणांनी घटलं आणि मोठेपणी तुरुंगात जाण्याचं प्रमाण २३ टक्केगुणांनी वाढलं. साध्या भाषेत, तशी शंभर मुलं घेतली तर सुमारे २३ जास्तीची मुलं पुढे तुरुंगात गेली, कारण लहानपणी त्यांना कोंडलं होतं.

भीती दाखवून सुधारण्याचा प्रयोगही करून झालाय. १९७० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात मुलांना एका दिवसासाठी नेत. तिथले जन्मठेपेचे कैदी त्यांच्यावर ओरडत, तुरुंगातलं जगणं किती भयानक आहे ते अंगावर काटा येईल असं सांगत. लोकांना ही कल्पना फार आवडली आणि ती देशोदेशी पसरली. नंतर काटेकोर चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा कळलं, की अशा भेटी दिलेल्या मुलांनी न दिलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे केले. काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण मात्र प्रेमळ मदतीचं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ ते १९४५ या काळात ५०६ मुलांवर एक उपक्रम झाला. सारख्या परिस्थितीतल्या मुलांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला समुपदेशक, शिकवणी, डॉक्टर, उन्हाळी शिबिरं असं सगळं मिळालं. दुसऱ्याला काही नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी ही मुलं, म्हणजे आता मध्यमवयीन माणसं, शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी कितीतरी जण म्हणाले, आम्हाला त्याचा फायदा झाला. पण नोंदी उलट बोलत होत्या. गुन्हे, दारू, आजार, अकाली मृत्यू या बाबतींत मदत मिळालेला गटच जास्त वाईट स्थितीत होता. पुढच्या विश्लेषणात बोट शिबिरांकडे वळलं: बिघडण्याच्या वाटेवरची मुलं एकत्र राहिली की एकमेकांच्या फुशारक्यांना दाद देतात, आणि त्यातून एकमेकांना शिकवतात.

हे वाचून ‘मग काहीच करू नका’ असं म्हणायचा मोह होतो. पण त्यातून निघणारा धडा जास्त नेमका आहे. १९९० साली डॉन अँड्र्यूज आणि जेम्स बोंटा या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर तो सूत्रात बांधला: ज्याचा धोका जास्त त्याला मदत जास्त, मदत गुन्ह्याशी खरोखर जोडलेल्या गरजांवर, आणि ती मुलाला झेपेल, समजेल अशा पद्धतीनं. पहिल्यांदाच किरकोळ चोरी केलेल्या मुलाला समज देऊन घरी पाठवणं, हीच बहुतेकदा योग्य मदत असते. त्याला उगाच सराईत मुलांच्या कार्यक्रमात बसवलं तर आपणच त्याची त्यांच्याशी ओळख करून देतो.

काय शिकवायचं

मुलांना बोधपर व्याख्यानं देऊन काही साधत नाही. जे साधतं त्याचा एक नमुना शिकागोतल्या शाळांमधल्या एका उपक्रमात दिसतो. पहिल्या काही बैठकींतला खेळ असा: मुलांच्या जोड्या करतात. एकाच्या हातात चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत त्याच्या मुठीतून चेंडू काढून घे. खोलीत झटापट सुरू होते. मुलं बोटं पिरगळतात, हात मुरगळतात, एकमेकांना जमिनीवर लोळवतात. वेळ संपल्यावर प्रशिक्षक विचारतो, ‘कुणी चेंडू मागितला का?’ मुलं म्हणतात, मागून त्यानं थोडाच दिला असता. मग ज्याच्या मुठीत चेंडू होता त्याला विचारतात. तो म्हणतो, ‘दिला असता की. चेंडूच तर आहे.’

या एका मिनिटात मुलाला स्वतःचं मन काम करताना दिसतं. समोरचा वैरीच आहे, हा निष्कर्ष आपण विचार न करता काढला, हे त्याच्या लक्षात येतं. रस्त्यावर तोच निष्कर्ष धक्का लागल्यावर, रोखून बघितल्यावर निघतो आणि चाकू बाहेर येतो. काटेकोर चाचणीत हा उपक्रम चालू असताना मुलांच्या हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. ‘उपक्रम चालू असताना’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले. असा परिणाम टिकवायचा तर आधारही पुढे चालू राहावा लागतो.

तयारी पहिल्या दिवसापासून

काही मुलांना कोंडावं लागतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांच्यापासून इतरांना, कधी त्यांना स्वतःलाही, खरा धोका असतो. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करारही कोंडण्यावर बंदी घालत नाही. शेवटचा उपाय म्हणून आणि कमीत कमी काळासाठी, एवढंच तो म्हणतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया आणि फिनिक्स या शहरांतल्या १,३५४ गंभीर गुन्हे केलेल्या मुलांचा सात वर्षं पाठपुरावा झाला, त्यातही जास्त काळ आत ठेवल्यानं पुन्हा गुन्हा करणं कमी होतं असं दिसलं नाही. आणि गंभीर गुन्हे केलेल्या या मुलांपैकीही बहुतेकांचे गुन्हे काळानुसार घटतच गेले.

आत ठेवायचंच असेल तर कसं ठेवायचं, याचं एक बरं उत्तर अमेरिकेतल्या मिझूरी राज्यानं शोधलं. तिथे शेकडो मुलं एकत्र कोंडणारी बूनव्हिलची जुनी संस्था १९८३ साली बंद केली. तिच्या जागी मुलांच्या घरांपासून जवळ लहान लहान केंद्रं काढली, दहा-बारा मुलांचे गट केले. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते: प्रत्येक मुलामागे एकच समन्वयक. आत आल्याच्या दिवशी जो माणूस भेटतो, तोच केंद्रातल्या काळात पालकांशी बोलतो आणि तोच सुटकेनंतर घरी येतो. मुलाला आपली कहाणी नव्या साहेबाला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही.

सुटकेची तयारी म्हणजे कागदपत्रंसुद्धा. शाळेतला प्रवेश आधी ठरला आहे का, ओळखपत्र आहे का, चालू असलेलं औषध किती दिवसांचं बरोबर दिलं, पहिल्या आठवड्यात कुणाला कुठे आणि किती वाजता भेटायचं. हे सगळं क्षुल्लक वाटतं आणि इथेच मुलं गळतात. शाळेचं वर्ष निम्म्यावर आलेलं असताना मूल सुटतं, शाळा म्हणते पुढच्या वर्षी या, आणि मधले सहा महिने ती मोकळी दुपार रोज येते. अमेरिकेतली आकडेवारी सांगते की शाळेच्या दिवसांत मुलांचे हिंसक गुन्हे शाळा सुटल्यानंतरच्या तासाभरात शिखराला पोहोचतात. मुलगा त्या वेळी कुठे असणार, याचं उत्तर सुटकेच्या कागदावर असायला हवं.

संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली केलेल्या हवाना नियमांत यासाठी एक फार जाणतं कलम आहे. कोठडीत असताना मुलानं परीक्षा दिली, प्रमाणपत्र मिळवलं, तर ते कोठडीत मिळवलं आहे असं त्या कागदावरून कुठेही कळता कामा नये. ज्यानं हे लिहिलं त्याला प्रमाणपत्र घेऊन नोकरी मागायला उभा राहिलेला मुलगा दिसला असणार.

घर

परतीचं ठिकाण बहुधा घर असतं, आणि घर नऊ महिन्यांत बदललेलं असतं. मुलाच्या अटकेनं आईवडील शेजाऱ्यांत मान खाली घालून वावरलेत, वकिलावर पैसे गेलेत, भावंडांना शाळेत टोमणे मिळालेत. पालकांना मुलगा हवाही असतो आणि त्याची धास्तीही वाटते. पाकीट कुठे ठेवायचं, बहिणीला त्याच्यासोबत एकटं ठेवायचं का, असे प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. मुलाला मात्र ते प्रत्येक बंद कपाटात ऐकू येतात.

म्हणून काही चांगल्या पद्धती मुलाइतकंच काम पालकांबरोबर करतात. मानसशास्त्रज्ञ स्कॉट हेन्गेलर यांनी विकसित केलेल्या पद्धतीत समुपदेशकाकडे एका वेळी चार ते सहाच कुटुंबं असतात. तो घरी जातो, कुटुंबाला जमेल त्या वेळी जातो, रात्री भांडण पेटलं तर त्याच्या चमूतलं कुणीतरी फोनवर असतं. तीन ते पाच महिने हे चालतं. आईवडिलांना तो घरातले नियम ठरवायला, ते न ओरडता पाळून घ्यायला, शाळेशी बोलायला शिकवतो. मुलाच्या मित्रांच्या पालकांनाही भेटतो. तो गेल्यावर हे सगळं पालकांना जमायला हवं, हाच सगळा खटाटोप.

पण घर हे उत्तर नेहमीच नसतं. मुलींच्या बाबतीत हे विशेष जपावं लागतं. यंत्रणेत येणाऱ्या मुलींची संख्या कमी असल्यानं सगळे कार्यक्रम मुलग्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात. प्रत्यक्षात यातल्या कितीतरी मुलींनी घरातच मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेला असतो, आणि घरातून पळून जाण्यापासूनच त्यांचं ‘प्रकरण’ सुरू झालेलं असतं. अशा मुलीला कागदावर ‘पालकांच्या ताब्यात’ असं लिहून सोडणं म्हणजे जिथून ती जीव घेऊन पळाली तिथेच तिला परत नेऊन ठेवणं. आधी घर तपासायचं. ठीक नसेल तर आजी, मावशी, दुसरं सुरक्षित ठिकाण शोधायचं. आणि यात मुलीचं म्हणणं आधी ऐकायचं.

ज्याचं नुकसान झालं, त्याचं काय

मुलाच्या पुनर्वसनाबद्दल बोललं की हा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा. ज्याच्या घरात चोरी झाली, ज्याच्या मुलाचं डोकं फुटलं, त्याला ‘मुलाचं वय लहान आहे’ हे ऐकून बरं वाटत नाही. त्याला बाजूला ठेवून केलेलं पुनर्वसन अर्धवट राहतं. तो त्याच गावात राहतो, मुलगाही तिथेच परतणार असतो.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात एल्मिरा नावाचं गाव आहे. १९७४ साली तिथल्या दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी मोडतोड केली. गाड्यांची चाकं फाडली, खिडक्या फोडल्या. परिवीक्षा अधिकारी (तुरुंगाऐवजी अटींवर, देखरेखीखाली बाहेर ठेवलेल्यांवर लक्ष ठेवणारा) मार्क यान्त्झी यांनी न्यायालयाला एक वेगळीच सूचना केली: या दोघांना प्रत्येक घरी जाऊ द्या. न्यायाधीशांनी ती मानली. मग ती दोन मुलं एकेका दारासमोर उभी राहिली, बेल वाजवली, आम्हीच ते, असं सांगितलं. किती नुकसान झालं ते विचारलं, वहीत लिहून घेतलं. काहींनी माफ केलं, काही संतापले. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी पुन्हा दारोदार जाऊन भरपाई चुकती केली. न्यायालयात मान खाली घालून उभं राहण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे. ज्याची काच फोडली त्याच्या डोळ्यांत बघावं लागतं.

न्यूझीलंडनं १९८९ च्या कायद्यानं याच विचाराला यंत्रणेच्या मध्यभागी आणून ठेवलं. तिथे मुलांच्या बहुतेक गंभीर प्रकरणांत कुटुंबाची बैठक होते. मुलगा, त्याचे नातलग, पोलीस, समन्वयक, आणि यायचं असेल तर ज्याचं नुकसान झालं तो, असे सगळे एका खोलीत बसतात. काय घडलं ते सांगितलं जातं, ज्याला सोसावं लागलं तो बोलतो. मग एक टप्पा असा येतो की बाहेरचे सगळे उठून जातात आणि फक्त कुटुंब उरतं. भरपाई कशी करायची, मुलगा संध्याकाळी कुठे असेल, त्याच्यावर लक्ष कोण ठेवेल, हे कुटुंबच ठरवतं. मग सगळ्यांसमोर त्यावर एकमत करायचं. या पद्धतीतही उणिवा आहेत. घाईत उरकलेली बैठक कुणालाच काही देत नाही, आणि ज्याला सोसावं लागलं त्याच्यावर यायची किंवा माफ करायची सक्ती झाली तर तो दुसरा अन्याय होतो. तरीही आजोबा, आत्या, मोठा चुलतभाऊ यांनी खोलीत बसून ‘मी त्याला रोज सकाळी कामावर नेईन’ असं म्हणणं, याची बरोबरी कुठलाही न्यायालयीन आदेश करू शकत नाही.

काम, आणि तो शिक्का

१९४० च्या सुमारास शेल्डन आणि एलेनॉर ग्लूक या दांपत्यानं बोस्टनच्या सुधारशाळांतल्या ५०० मुलांची बारीकसारीक माहिती गोळा केली होती. ती खोकी पुढे हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात पडून राहिली. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लाउब यांना ती सापडली. त्यांनी त्या माहितीची नव्यानं मांडणी केली आणि मग त्या मुलांपैकी काहींना, आता सत्तरीच्या घरात पोहोचलेल्या माणसांना, गाठून मुलाखती घेतल्या. कशानं वळण लागलं? स्थिर काम, चांगला संसार, लष्करातली नोकरी. या गोष्टींनी दिवसाला वेळापत्रक दिलं, जुन्या टोळक्यापासून तोडलं आणि गमावण्यासारखं काहीतरी हातात दिलं. लहानपणी कोण किती वाईट होता, यावरून सत्तरीतलं चित्र सांगता येत नव्हतं.

पण काम मिळणार कसं? समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात तरुणांना नोकऱ्यांसाठी पाठवलं. शिक्षण, बोलणं-चालणं सगळं सारखं. फरक फक्त तुरुंगवासाच्या नोंदीचा. नोंद नसलेल्या गोऱ्या तरुणांना १०० पैकी ३४ ठिकाणांहून परत बोलावणं आलं, नोंद असलेल्यांना १७ ठिकाणांहून. कृष्णवर्णीयांत हेच आकडे १४ आणि ५. म्हणजे ज्याच्यावर आधीच एक शिक्का आहे, त्याला दुसरा शिक्का जास्त महागात पडतो.

म्हणूनच संयुक्त राष्ट्रांचे १९८५ चे बीजिंग नियम सांगतात, की मुलाची ओळख पटेल असं काही छापायचं नाही, त्याच्या नोंदी गुप्त ठेवायच्या आणि मोठेपणीच्या खटल्यात त्या वापरायच्या नाहीत. ज्या काळात हे लिहिलं तेव्हा कागद कपाटात बंद करता येत होता. आता अटकेच्या दिवशी कुणीतरी काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि न्यायालयानं नोंद पुसली तरी तो फिरतच राहतो. तुमच्याकडे असा फोटो आला तर पुढे पाठवू नका, एवढी विनंती इथेच करतो. ‘किती वर्षं लक्षात ठेवायचं?’ याचंही उत्तर संशोधनात आहे. फिलाडेल्फियात १९५८ साली जन्मलेल्यांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासानुसार, मूल सहा-सात वर्षं गुन्ह्यापासून लांब राहिलं, की त्याच्याकडून नवा गुन्हा होण्याची शक्यता कधीच गुन्हा न केलेल्याच्या जवळ येते. त्यानंतर जुनी नोंद विचारण्यानं कुणाचीच सुरक्षितता वाढत नाही.

एक टिकणारा माणूस

पुष्कळ ठिकाणी स्वयंसेवक अशा मुलांचे मोठे भाऊ-ताई होतात. ही फार मोलाची गोष्ट आहे, पण एका अटीवर. मुलांसाठीच्या अशा मैत्रीच्या उपक्रमावरच्या २००२ सालच्या अभ्यासात दिसलं, की वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या नात्यांतल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांतल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी झाला. ज्याला आधीच अनेकांनी सोडलंय त्याला आणखी एकानं सोडलं, एवढाच त्याचा अर्थ त्याला लागतो. वर्ष देणं जमणार नसेल तर कपडे द्या, पुस्तकं द्या, संस्थेला पैसे द्या. पण मुलाला ‘मी आहे’ असं सांगू नका.

आणि मुलगा घसरेल. याची तयारी ठेवावीच लागते. दारू सुटताना जशी माणसं एकदा-दोनदा मागे येतात, तसंच इथे होतं. तो रात्री उशिरा येईल, वर्ग बुडवेल, जुन्या पोरांबरोबर दिसेल, परिवीक्षेची एखादी अट मोडेल. अशा वेळी लगेच उचलून परत आत टाकलं, तर मिळालेलं काम, शाळेतली जागा, आईनं कष्टानं परत मिळवलेला विश्वास, सगळं एका फटक्यात जातं. शिक्षा हवी, पण ती लगेच हवी, लहान हवी आणि आधी सांगितलेली हवी: आठवडाभर सातच्या आत घरी, एक जास्तीची भेट, बुडवलेलं काम भरून देणं. नवा गंभीर गुन्हा घडला तर गोष्ट वेगळी. अट मोडणं आणि गुन्हा करणं यांतला फरक मोठ्यांनीच पुसून टाकला, तर मुलाकडून तो पाळण्याची अपेक्षा करता येणार नाही.

समजा, आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला असा समन्वयक मिळाला आणि एका वर्कशॉपमध्ये कामही मिळालं. चौथ्या आठवड्यात तो दोन दिवस कामावर जात नाही. वर्कशॉपच्या मालकाला त्याच्याबद्दल सगळं माहीत आहे. समन्वयकानं मुलाच्या परवानगीनं आधीच सांगितलेलं होतं. मालक तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन करतो. मुलगा आता ओरडा बसणार म्हणून गप्प राहतो. पलीकडून आवाज येतो, ‘दोन दिवस दिसला नाहीस. बरा आहेस ना? ये लवकर, ते इंजिन तू अर्धं खोलून ठेवलंयस.’